‘नो रिफंड’ लिहिलं म्हणजे पैसे गेले?

“ऑनलाइन दागिन्याच्या बिलावर ‘नो रिफंड’ असेल तर पैसे परत मिळत नाहीत, आणि भांडायचं तर कंपनीच्या शहरात जावं लागतं.” नाशिकच्या कित्येक ग्रुपवर फिरणाऱ्या या मेसेजमधल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

2019 चा ग्राहक संरक्षण कायदा उघडून कलम 2(47) वाचा. सदोष वस्तू परत घ्यायला आणि बिलावरच्या मुदतीत, मुदत नसेल तर 30 दिवसांत पैसे द्यायला नकार देणं, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. अट एकच, दोष खरा हवा. झुमके अंगावर शोभले नाहीत, हा दोष नव्हे. पण फिरकी आटेच गेलेली आली, खडा डबीतच सुटा पडलेला मिळाला, हॉलमार्क सांगून दागिन्यावर तो नसलाच, तर तो दोषच. म्हणून पार्सल फोडतानाच सलग व्हिडिओ काढा. वादात त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही, असं मला मनापासून वाटतं.

शहराचं म्हणाल तर कलम 34 पाहा: ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार चालते. नाशिकमधल्या सातपूरच्या एखाद्या ताईंना शहराबाहेर जायला नको. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही नाही. आधी विक्रेत्याला लेखी कळवा, दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.