जुन्या पिकअपवरील सहज न दिसणारे पत्राकाम : पार्श्वभूमी

कारखान्यातच पूर्ण बांधलेली पहिली पिकअप फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टीवर बाजारात आणली. त्याआधी चॅसिस, म्हणजे इंजिन-चाकांसह गाडीचा खालचा सांगाडा, विकत घ्यायची आणि मागचा हौदा जवळच्या सुताराकडून किंवा लोहाराकडून बांधून घ्यायचा, अशी रीत होती. १९५५ च्या शेव्हरोले कॅमिओ कॅरिअर या पिकअपने हौद्याच्या बाजूंना फायबरग्लासचे भाग लावून केबिनपासून मागेपर्यंत सलग रेष दिली, आणि हौसेने गाड्या घडवणाऱ्यांच्या नजरेलाही तीच रेष आवडू लागली. बोधचिन्ह काढून त्याची भोके वेल्डिंगने बुजवणे, दाराची मूठ काढून कुलूप आतून चालवणे, दोन पत्र्यांमधील सांधा शिशाने भरून घासणे ही कामे अमेरिकेत त्या काळात रुळली. गाडीची ओळख कायम राहावी आणि नजर कुठेही अडखळू नये, एवढाच त्यांमागील हेतू असतो.

गोव्यात अशा कामाला वेगळे कारण मिळाले. १९६१ पर्यंत येथे परदेशी गाड्या पोर्तुगीज राजवटीतून येत, भारतातील आयातनिर्बंध त्यांना लागू नव्हते. मुक्तीनंतर ते लागू झाले आणि सुटे पत्रे परदेशातून मागवणे अवघड झाले. किनाऱ्यावरील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे केबिनचे खालचे कोपरे, दारांच्या तळकडा आणि हौद्याची जमीन आधी गंजते. तेवढा भाग कापून हातोडी व डॉलीवर (पत्र्याच्या मागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) घडवलेला नवा तुकडा बसवताना जुनी उठावाची कड, जुना सांधा पुन्हा उभारायचा की सपाट सोडायचा, हा निर्णय डेंटरला घ्यावाच लागतो. गोव्यातील अशा संयत, नजरेत न भरणाऱ्या बदलांचा उगम या दुरुस्तीत आहे, असे माझे मत आहे. मात्र छताच्या कडेची पन्हळ काढून टाकण्याची अमेरिकी पद्धत येथे चुकीचीच म्हणावी लागेल, कारण आषाढात दार उघडताच पाणी थेट आसनावर येते. पुट्टीचा (खळगे भरायच्या लेपाचा) जाड थरही येथे टिकत नाही, कारण पॉलिएस्टर पुट्टी ओलावा शोषते आणि वर्ष-दोन वर्षांत रंगाखाली फोड उठतात.

खरा गुंता ‘मूळ’ या शब्दाचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतील बदल म्हणजे फेरफार. जानेवारी २०१९ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात उतरलेल्या तपशिलांत बदल करता येणार नाही, असे स्पष्ट केले. बोधचिन्हाची बुजवलेली भोके किंवा काढलेली मूठ यांमुळे प्रमाणपत्रातील बॉडीचा प्रकार बदलत नाही, त्यामुळे असे काम या व्याख्येत ओढूनताणूनच बसवावे लागते. रंग मात्र प्रमाणपत्रात नोंदलेला असतो आणि तो बदलल्यास नोंदही बदलावी लागते.

जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांनी दुसरीच कसोटी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसिस, बॉडीचा सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांकास पात्र ठरते. येथे ‘मूळ’ म्हणजे कारखान्याचे की पहिल्या मालकाने बांधून घेतलेले? ज्या पिकअपचा हौदा चॅसिस विकल्यानंतर स्थानिक कारागिराने बांधला, तिच्यासाठी कारखान्याचे स्वरूप असे काही नव्हतेच. गंजलेला तळपत्रा बदलणे हा मोठा फेरबदल मानला, तर या किनाऱ्यावरील फारच थोड्या गाड्या पात्र ठरतील. तो मानला नाही, तर त्याच पत्र्याचा सांधा सपाट ठेवण्याला हरकत घेण्यास आधार उरत नाही. अशी गाडी व्यापारी कामासाठी रस्त्यावर चालवता येत नाही, ही अट तर मालवाहू म्हणून जन्मलेल्या पिकअपला विशेष जाचते. त्यामुळे ‘व्हीए’ क्रमांक हवा असलेल्या मालकाला मुठी, चिन्हे आणि सांधे जपावे लागतात, तर गुळगुळीत रेष हवी असलेला मालक साध्या नोंदणीवरच राहून गाडीचे योग्यता प्रमाणपत्र वेळोवेळी नवे करून घेतो.