बोल्टचा ताकदवर्ग आणि जुळणारे नट-वॉशर

बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा उठवलेला असतो. तो त्याचा ताकदवर्ग. दुकानात बोल्ट मागताना जाडी आणि लांबी सांगितली जाते, हा आकडा मात्र राहून जातो. टिंबाआधीच्या आकड्याला १०० ने गुणले की धातूचे ताणबल मेगापास्कलमध्ये, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन, ते मिळते. टिंबानंतरचा आकडा सांगतो की त्या बळाच्या किती दशांशाला बोल्ट कायमचा लांबायला लागतो. ८.८ चा बोल्ट ८०० च्या आसपास तुटेल, पण ६४० ओलांडले की तो मूळ लांबीवर परत येत नाही. ४.६ साठी हेच आकडे ४०० आणि २४०. हे वर्ग आयएसओ ८९८ या मानकात आणि भारतात आयएस १३६७ मध्ये दिलेले आहेत. ८.८ आणि त्यापुढच्यांना कारागीर ‘हाय टेन्साइल’ म्हणतात; काळे एलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले) बहुधा १२.९ चे असतात. डोक्यावर काहीच नसेल तर तो ४.६ चा धरूनच हिशेब करावा.

बोल्टकडे जाड खिळा म्हणून पाहिले की निवड चुकते. आवळताना बोल्ट किंचित लांबतो आणि स्प्रिंगसारखा मागे खेचत राहतो. या खेचीने जोडातले भाग एकमेकांवर घट्ट दाबले जातात, आणि बाहेरून येणाऱ्या हिसक्यांचा थोडाच भाग बोल्टपर्यंत पोचतो. सैल बोल्टला प्रत्येक हिसका पुरता सोसावा लागतो. वरच्या वर्गाचा असला तरी तो शेवटी थकून तुटतो. त्यामुळे १०.९ चा बोल्ट आणून ४.६ इतकाच आवळला, तर वरचे पैसे वायाच गेले.

एम १२, म्हणजे १२ मिमी जाडीचा, ८.८ चा बोल्ट घेऊ. आट्यांपाशी त्याचे भार पेलणारे क्षेत्रफळ ८४.३ चौ. मिमी. कायमचा न लांबता तो सुमारे ४९ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास ५ टन, पेलतो. त्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सुमारे ३७ किलोन्यूटन, आवळण्याची पद्धत आहे. कोरड्या आट्यांवर त्यासाठी टॉर्क पाना (पिळण्याचा जोर मोजणारा पाना) अंदाजे ८८ न्यूटन-मीटरला लावावा लागतो. आट्यांना तेल असेल तर ६६ पुरतात. पान्याच्या जोराचा जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचा घर्षण खाते, म्हणून एवढा फरक. तेल लावलेल्या बोल्टवर कोरडा आकडा वापरला, तर ताण थेट ४९ ला जाऊन भिडतो आणि हाताला काही कळतही नाही.

नटावर एकच आकडा असतो: ८, १० किंवा १२. तो बोल्टच्या पहिल्या आकड्याइतका किंवा त्याहून वरचा हवा. पातळ जॅम नट पूर्ण भारासाठी नसतोच. या जुळणीमागचा विचार फार चांगला आहे: जास्त आवळले गेले तर बोल्ट तुटावा, नटाचे आटे जाऊ नयेत. तुटलेला बोल्ट तिथल्या तिथे दिसतो. आटे गेलेला नट जागच्या जागी बसलेला दिसतो आणि माणसे त्याच्यावर विसंबून राहतात. नटातला पहिला आटाच सुमारे एक तृतीयांश भार घेतो. नट मऊ असेल तर तो आटा वाकतो आणि भार पुढच्यावर जातो.

सर्वांत दुर्लक्षित वायसर, म्हणजे वॉशर. ८.८ पर्यंत त्याचा कठीणपणा निदान २०० विकर्स (विकर्स हे कठीणपणाचे माप) आणि १०.९ ला ३०० विकर्स हवा. वर घेतलेला बोल्ट ४० मिमी जाडीच्या जोडात आवळल्यावर अवघा ०.०८ मिमी लांबलेला असतो. मऊ पत्र्याचा वॉशर ०.०२ मिमी दबला, तरी आवळीचा जवळपास चौथा हिस्सा गेला. स्प्रिंग वॉशरवर लोकांचा फार विश्वास आहे, पण हाय टेन्साइल बोल्टखाली तो पूर्ण आवळीच्या कितीतरी आधीच सपाट होतो आणि पुढे काहीच करत नाही. आडव्या कंपनांनी नट कसा सुटतो, हे गेर्हार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवले. पुरेशी आवळ हाच त्यावरचा खरा उपाय.

नेहमी वरचाच वर्ग घ्यावा, असेही नाही. पोलाद जितके कठीण, तितका त्याला हायड्रोजनचा धोका. मुलामा देताना किंवा गंजताना हायड्रोजन धातूत शिरतो आणि ताणाखालचा बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तडकतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या बे ब्रिजवर १०.९ च्या जवळपास ताकदीचे, जस्ताचा मुलामा दिलेले अँकर रॉड मार्च २०१३ मध्ये आवळले गेले आणि काही दिवसांतच ९६ पैकी ३२ तुटले. १२.९ च्या बोल्टला जस्ताचा मुलामा टाळावा.

स्टेनलेस म्हणजे जास्त मजबूत, हा समजही तपासून घ्यावा. ए२-७० या नेहमीच्या स्टेनलेस प्रतीचा बोल्ट ४५० मेगापास्कललाच कायमचा लांबू लागतो, म्हणजे ८.८ च्या बराच खाली. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेत ए४ ही गंजाला जास्त टिकणारी प्रत घेणे योग्यच, पण मग जाडी वाढवावी लागते. शिवाय स्टेनलेसचे आटे एकमेकांना चिकटतात. पेस्ट लावून सावकाश आवळले नाहीत तर नट अर्ध्यावर जाम होतो आणि बोल्ट कापूनच काढावा लागतो.