अण्णांचा रेडिओ आणि ड्रॉवरमधला रिमोट

अण्णांसाठी इंटरनेट रेडिओ जुळवला तेव्हा वाटलं, अवघड काम संपलं. जुन्या रेडिओची लाकडी पेटी, आत रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाचा बोर्ड, एक स्पीकर. प्रादेशिक बातम्या आणि विविध भारती अजिबात खरखर न होता लागायला लागली. वाहिनी बदलायची सोय मात्र मी मोबाइलवर दिली होती. तिसऱ्या दिवशी अण्णांनी निकाल दिला, "आधी चष्मा शोधा, मग मोबाइल शोधा, मग त्याचं लॉक उघडा. तोवर बातम्या संपतात. याचा कान पिळायची काही सोय नाही का रे?"

मग रिमोटचा शोध सुरू झाला. ब्लूटूथवाले, यूएसबीत छोटा तुकडा खोचायचे वायरलेसवाले, असे तयार रिमोट मिळतात, पण ते चारपाचशेच्या पुढे जातात. आणि मला उगाच खर्च करायचा नव्हता, कारण टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पाच रिमोट पडून होते. आपल्याकडे टीव्ही भंगारात जातो, डीव्हीडी प्लेयर जातो, रिमोट जात नाही. कधीतरी लागेल म्हणून तो राहतोच. तर आता तो लागला होता.

डीव्हीडी प्लेयरचा रिमोट रेडिओला कसा चालेल, असं घरात सगळ्यांनी विचारलं. गंमत अशी की आपण डीव्हीडी प्लेयरचे आहोत हे रिमोटला ठाऊकच नसतं. बटण दाबलं की तो एक आकडा ओरडतो आणि गप्प बसतो. त्या आकड्याचा अर्थ 'आवाज वाढव' असा घ्यायचा की 'विविध भारती लाव' असा, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. म्हणजे स्वस्त रिमोट विकत आणायचा नसतो. विकत आणायचा असतो तो कान.

हा कान पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत वीसतीस रुपयांना मिळतो. तीन पायांचा, पोटाशी काळा फुगवटा असलेला इन्फ्रारेड रिसीव्हर. मागताना '१८३८ द्या' म्हटलं तरी दुकानदाराला कळतं. एक पाय वीजपुरवठ्याला, एक ग्राउंडला, एक बोर्डाच्या पिनला. पण पायांचा क्रम बघून घ्या. १७३८ नावाचा दुसरा रिसीव्हर आणि हा १८३८ दिसायला जुळे भाऊ असले तरी त्यांचे पाय वेगवेगळ्या क्रमाने आहेत. हे मला एक रिसीव्हर चटका बसेल इतका तापल्यावर कळलं. शिवाय रास्पबेरी पायच्या पिनांना ३.३ व्होल्टच्या वर सोसत नाही आणि १७३८ ला ५ व्होल्ट लागतात. तेव्हा ३.३ वर चालणारा १८३८ च बरा.

आता तो ओरडा नेमका कसा असतो? रिमोटच्या टोकाला असलेला एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाश टाकतो. आपले डोळे सातशेच्या आसपासच थकतात, म्हणून तो दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याला मात्र दिसतो. पुढच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबा, जांभळट ठिपका लुकलुकेल. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारी जाड गाळणी असते, तिथे तो दिसला नाही तर रिमोट मेला असं समजू नका. माझ्या पाचांपैकी तीन या परीक्षेत पास झाले. एकाच्या पोटात सेल फुटून हिरवा मळ साचला होता, तो पॉलिश पेपरने घासल्यावर चौथाही उठून बसला.

नुसता प्रकाश टाकून मात्र भागत नाही, कारण खोलीत प्रकाश सगळीकडेच असतो. १९५५ साली झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी 'फ्लॅश-मॅटिक' नावाचा रिमोट केला होता. बॅटरीचा झोत टीव्हीच्या कोपऱ्यातल्या प्रकाशसंवेदी डोळ्यावर मारायचा. खिडकीतून ऊन पडलं की टीव्ही आपणहून चाळे करायचा. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाशाचा नाद सोडून ऐकू न येणारा ध्वनी वापरला. रिमोटमध्ये ॲल्युमिनियमच्या कांड्या आणि त्यांवर पडणारी हातोडी, सेल नाहीतच!

इन्फ्रारेड रिमोटने उन्हावर वेगळाच उपाय काढला. तो प्रकाश सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा चालूबंद करतो. ऊन असं थरथरत नाही. रिसीव्हर नेमकी हीच थरथर ऐकतो आणि बाकीच्या उजेडाकडे दुर्लक्ष करतो. (काही सीएफएल दिवे अशाच वेगाने फडफडतात आणि त्याला चकवतात, ते वेगळं.)

३८,००० म्हणजे ३८ किलोहर्ट्झ, पण ३८ च का? कितीतरी रिमोटच्या पोटात ४५५ किलोहर्ट्झचा सिरॅमिक रेझोनेटर, म्हणजे ठरलेल्या वेगाने कंप पावणारा तुकडा असतो. चिप त्याला १२ ने भागते आणि ३७.९ मिळतात. आता ४५५ हा आकडा जुन्या रेडिओ मेकॅनिकला विचारा. एएम रेडिओत कुठलंही स्टेशन लावा, आत ते सहसा याच कंप्रतेवर आणून वाढवलं जातं. रेडिओसाठी ठरलेला हा आकडा रिमोटमध्ये जाऊन बसला. अण्णांच्या पेटीतून मी चौकोनी डब्यांसारख्या ज्या आयएफटी (ही कंप्रता निवडणाऱ्या गुंडाळ्या) उपटून काढल्या, त्या याच आकड्यावर जुळवलेल्या होत्या. रेडिओतून बाहेर काढलेला आकडा रिमोटमधून परत आला म्हणायचा.

या थरथरीच्या छोट्या-मोठ्या विरामांतून आकडा पाठवला जातो. त्यातली एक फार पसरलेली बोली एनईसी कंपनीची. आधी ९ मिलिसेकंदांची लांब हाळी, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, मग ३२ शून्य-एक. थरथरीच्या प्रत्येक छोट्या ठिणगीनंतरचा विराम आखूड असेल तर शून्य, लांब असेल तर एक. त्यात आधी उपकरणाचा पत्ता आणि त्याची उलट प्रत (शून्याच्या जागी एक, एकाच्या जागी शून्य), मग बटणाचा आकडा आणि त्याचीही उलट प्रत. सगळं ६७.५ मिलिसेकंदांत आटोपतं, पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

मी बोर्डावरच्या लिनक्स प्रणालीत हे आकडे बघत बसलो तेव्हा शेजारी ताडून पाहायला बाजारात सर्रास मिळणारा २१ बटणांचा छोटा चिनी रिमोटही होता. त्याचं १ दाबलं की १२ येतात, २ दाबलं की २४, ३ ला ९४, ४ ला ८ आणि ५ ला २८. काही ताळमेळ नाही. कारण तो आकडा बटणावर छापलेला नसतो, रबराखालच्या जाळीत ते बटण कुठे बसलंय त्यावरून तो ठरतो. आणि २८ च्या मागोमाग २२७ येतात. दोन्हींची बेरीज २५५. कुठल्याही बटणाची बेरीज एवढीच यायला हवी, नाही आली तर वाटेत काहीतरी बिघडलं म्हणून निरोप फेकून द्यायचा.

पत्त्याचं महत्त्व मात्र मला उशिरा कळलं. माझा प्रोग्राम फक्त बटणाचा आकडा बघायचा. दोन दिवस चाललं. मग संध्याकाळी आई मालिका लावायची आणि तिने टीव्हीचा आवाज वाढवला की अण्णांचा रेडिओ गाण्यांवरून शेतीविषयक कार्यक्रमावर उडी मारायचा. अण्णांना तो आईचा खोडसाळपणा वाटला. पाकिटावरचं नाव न वाचताच शेजाऱ्यांची पत्रं उघडायची, तसला प्रकार. पत्ता तपासणारी एक ओळ घातल्यावर घरात शांतता झाली.

चौथ्या रिमोटने वेगळाच छळ केला. तेच बटण एकदा दाबलं तर एक आकडा, पुन्हा दाबलं तर दुसरा. तो फिलिप्सची आरसी-५ बोली बोलणारा निघाला. तिच्यात प्रत्येक दाबेला एक बिट, म्हणजे त्या शून्य-एकांपैकी एक, पलटतो, म्हणजे बटण दाबून धरलंय की सोडून पुन्हा दाबलंय हे कळावं. तेवढा बिट सोडून बाकीचं वाचायचं, की झालं.

शेवटी डीव्हीडीवालाच ठरला, कारण त्याची बटणं मोठी आहेत. रिसीव्हर आधी जाळीच्या कापडामागे ठेवला होता, तेव्हा खाटेवरून पोहोचत नव्हता. पेटीला ५ मिलिमीटरचं भोक पाडून तो तिथे आणला, आता समोरच्या भिंतीवर आपटूनही निरोप पोहोचतो. १ वर प्रादेशिक बातम्या, २ वर विविध भारती. खर्च रिसीव्हरचा आणि दोन पेन्सिल सेलचा, शिवाय तो जळालेला धरायचा तर आणखी एका रिसीव्हरचा.

तबकडी बाहेर काढायच्या बटणाला काय काम द्यावं हे मला सुचेना, तर अण्णांनीच त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिलं, 'गप्प'.