पार्श्वभूमी : शिंपल्यांच्या शेतीखालचा गाळ आणि नत्राचा हिशेब

एकाच खाडीत वर्षानुवर्षे तराफे बांधून कालवं वाढवली की तळ काळा पडतो आणि उत्पादन घसरतं, हे जपानमध्ये फार पूर्वीच लक्षात आलं होतं. त्यामागच्या जिवाणूंचं नेटकं मोजमाप १९८१ मध्ये प्रसिद्ध झालं, स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या निळ्या शिंपल्यांच्या शेतीखालचं. शिंपल्यांची विष्ठा इतकी पडते की गाळातला ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. खाली सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंचं राज्य, आणि त्यांनी सोडलेल्या सल्फाइडवर जगणाऱ्या बेगियाटोआ या जिवाणूंची पांढरी साय तळावर धरते.

शिंपल्यांनी समुद्रातलं नत्र कमी होतं का, हा पुढचा वाद याच किनाऱ्यावर पेटला. युरोपात १९९१ च्या सांडपाणी निर्देशानंतर संवेदनशील किनाऱ्यांवरच्या शहरांना सांडपाण्यातलं नत्र काढणं भाग पडलं. लीसेकिल या छोट्या शहराने प्रकल्पात नवी यंत्रणा उभारण्याऐवजी शिंपले उत्पादकालाच पैसे द्यायचं ठरवलं. २००४ मध्ये त्याला परवानगी मिळाली. गणित सोपं होतं : शिंपले पाण्यातल्या नत्रावर वाढलेलं शैवाल खातात; वर्षाला ३,५०० टन शिंपले काढायचे, त्यांच्यासोबत ३९ टन नत्र समुद्राबाहेर येईल. म्हणजे टनामागे साधारण ११ किलो.

या गणितात पाण्यातून वर आलेला माल मोजला होता, खाली पडलेला नाही. आणि निम्मी गोष्ट तर खालीच घडते. गाळाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन असेल तर काही जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात, दुसरे त्या नायट्रेटचा नत्र वायू करतात, आणि तो वायू हवेत निघून जातो. ही सफाई निसर्ग फुकटात करतो. पण सल्फाइड वाढलं की पहिल्या टप्प्यातले जिवाणूच मार खातात. उरलेलं नायट्रेट काही जिवाणू पुन्हा अमोनियमकडे वळवतात, ते पाण्यात परततं आणि शैवालाला खत मिळतं.

२०११-१२ मध्ये यावरून शास्त्रीय नियतकालिकात चांगलीच जुंपली. टीकाकारांचं म्हणणं, शेतीखालचा गाळ नत्र घालवण्याऐवजी परत देऊ लागतो, तेव्हा उपाय म्हणून तिची भलामण नको. समर्थकांचं उत्तर असं की शिंपल्यांना बाहेरून खाद्य घालत नाहीत, तेव्हा काढलेलं नत्र हे निव्वळ वजाबाकीच. हे खरं आहे, पण पुरेसं नाही. शेती नसती तर तेच शैवाल विरळ पसरून कुठल्या तळावर बसलं असतं आणि तिथल्या गाळाने किती नत्र वायू केलं असतं, हे त्यात येत नाही. मोजमापंही एकमुखी नाहीत. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाला १९८५ च्या अभ्यासात शेतीमुळे नत्राची घट वाढल्याचं दिसलं, तर २००३ मध्ये त्याच देशातल्या दुसऱ्या अभ्यासात शेतीखाली नत्र वायूची निर्मिती दबलेली आढळली. खोली, प्रवाह आणि शिंपले वाढवायच्या दोरांची दाटी यांवर सगळं ठरतं. परवाना देताना मात्र एकच आकडा धरला जातो.

लीसेकिलचा करार २०११ मध्ये थांबला, पण गाळामुळे नव्हे. शिंपले काढणारी कंपनीच दिवाळखोरीत गेली.

तोवर गाळाचं चित्रही बदलत होतं. २०१२ मध्ये डेन्मार्कमध्ये केबल जिवाणूंची ओळख पटली : हजारो पेशींचे धागे, जे सेंटिमीटरभर खोलवरच्या सल्फाइडमधले इलेक्ट्रॉन वरच्या ऑक्सिजनपर्यंत पोचवतात. नेदरलँड्सच्या ग्रेव्हेलिंगन सरोवरात २०१५ मध्ये दिसलं की थंडीत ते लोहाच्या ऑक्साइडचा थर तयार करतात, आणि उन्हाळ्यात तो सल्फाइड अडवून धरतो. हे ऐकून शेतीवाल्यांना बरं वाटलं असेल. पण २०१९ मध्ये उघड झालं की हेच धागे गाळातलं लोह मोकळं करून नायट्रेटला अमोनियमच्या वाटेला लावतात.

अमेरिकेत चेसापीक उपसागरात २०१६ मध्ये शेतीतल्या कालवांना नत्रकपातीचं श्रेय द्यायचं ठरलं, तेव्हा काढलेल्या कालवांच्या मांसातलं नत्र तेवढं मोजायचं ठरलं. गाळातल्या जिवाणूंनी घालवलेलं नत्र त्या श्रेयात धरलं नाही.