खुलासा: दारिद्र्यरेषा वर्ल्ड बँकेची नाही

‘दारिद्र्यरेषा हे वर्ल्ड बँकेचं खूळ, दिल्लीने नुसतं उचललं,’ हे वाक्य बरीच वर्षं फिरतंय. तारखा पाहिल्या की ते टिकत नाही. बँकेचा ‘दिवसाला एक डॉलर’ हा निकष 1990 चा.

दादाभाई नौरोजींनी 1870 च्या दशकातच गरिबीचा हिशेब मांडला होता. भारतीय माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न त्यांनी सुमारे 20 रुपये काढलं आणि ते ताडून पाहिलं तुरुंगाच्या खर्चाशी! सरकारचीच कागदपत्रं सांगत होती, की कैद्याच्या अन्नवस्त्रावर याहून जास्त खर्च होतो. या माऱ्यावर इंग्रज काय बोलणार?

पुढे 1971 मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी रोजच्या 2250 कॅलरींचा आधार घेऊन रेषा आखली. 1960-61 च्या भावाने खेड्यात माणशी महिना 15 रुपये खर्च, शहरात साडेबावीस. यावर भरपूर टीका झाली, काही रास्तही. पण सार्वजनिक कामांतून रोजगाराची हमी द्या, हा त्यांचा आग्रह होता. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला 1977 मध्ये. त्यामागे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची खटपट आणि 1972 चा दुष्काळही होता, सगळं श्रेय दांडेकर-रथ यांच्या अभ्यासाला देऊन चालणार नाही. केंद्र सरकारचा रोजगार हमीचा कायदा आला 2005 मध्ये.