टपावरचं कॅरिअर आणि मागचा सायकल रॅक: फायबरच्या जुन्या मोटरहोमवर दोन वेगळी कामं

फायबर बॉडीचं जुनं मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, दारात आलं की घरातून दोन फर्माइशी लगेच सुटतात. टपावर कॅरिअर हवं, आणि मागे दोन सायकली टांगता यायला हव्यात. भोसरी एमआयडीसीत गाडी नेलीत तर दोन्हींवर एकच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त: "साहेब, चार बोल्ट मारून देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा." वेल्डिंगमध्ये या मंडळींचा हात कोणी धरणार नाही. पण त्यांचा हात बसलाय लोखंडी बॉडीवर. फायबरवर टपाचं दुखणं पाण्याचं असतं आणि मागच्या रॅकचं ओढीचं. एका कामाची पद्धत दुसऱ्याला लावली की गाडी बिघडलीच.

त्याआधी आपलं फायबर कुठल्या जातीचं आहे ते बघा. काही गाड्यांची बॉडी साच्यात घडवलेली, कवचासारखी एकसंध असते. काहींमध्ये लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर प्लाय आणि त्यावर फायबरचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो. बाहेरून दोन्ही सारख्याच गुळगुळीत दिसतात. टप बोटाच्या पेरांनी ठोकत जा. सगळीकडे टणक आवाज आला तर ठीक. मध्येच भद्द आवाज आला किंवा पाय ठेवल्यावर टप दबला, तर आतला प्लाय कुजलाय किंवा थर सुटलेत. तिथे कॅरिअर नको, आधी दुरुस्ती.

आता टप. इथे वजन सरळ खाली येतं, म्हणून ते पसरवता आलं की निम्मं काम झालं. "अहो, मी स्वतः वर उभा राहिलो, काही झालं नाही" हा युक्तिवाद मात्र उपयोगाचा नाही. उभ्या गाडीवरचं वजन आणि खड्ड्यातून उसळणाऱ्या गाडीवरचं वजन यांत फार फरक असतो. शिवाय ब्रेक मारला की तेच सामान पुढे खेचतं, घाटाच्या वळणावर बाजूला. म्हणून टपावर हलकं पण अवघड आकाराचं सामान ठेवावं, तंबू, खुर्च्या वगैरे. पाण्याचे कॅन आणि जनरेटर खालीच बरे.

भोकं पाडायचीच असतील तर घाई नको. वर चिकटपट्टी लावा आणि जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत थर, पार होईपर्यंत ड्रिल उलटं फिरवा. त्याने भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडत नाहीत. मग भोकाची कड किंचित तिरपी करून घ्या. आत प्लाय असेल तर भोक मुद्दाम मोठं पाडून त्यात घट्ट इपॉक्सी (वाळून कडक होणारं मिश्रण) भरायचं, ते वाळल्यावर त्यातूनच बोल्टापुरतं नवं भोक पाडायचं. उद्या सीलंटने दगा दिला तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. आतल्या बाजूने तळहाताएवढी ॲल्युमिनियमची बॅकिंग प्लेट हवीच. नुसत्या वायसरवर बोल्ट आवळला की फायबर चिरडतं.

आणि कृपा करून सिलिकॉन नको. दुकानात तेच पहिलं हातात देतात, पण ते सुटलं की त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर पुढे काहीच नीट चिकटत नाही. पॉलियुरेथेन सीलंट किंवा ब्युटाइल टेप घ्या. ताम्हिणीच्या पावसात जायच्या आधी घरीच पाइप लावून टप भिजवा. गळती जिथे दिसते तिथे भोक असेलच असं नाही. पाणी थरांमधून सरकत पार दुसऱ्या कोपऱ्यात टपकतं.

मागच्या रॅकला पाण्याची फिकीर कमी, पण तिथे तरफ काम करते. दोन ई-बाईक, म्हणजे बॅटरीच्या सायकली, एकेक २० ते २५ किलोची, वर रॅकचं वजन, म्हणजे ६० किलो धरा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साडेतीन मीटर असेल आणि हे वजन मागच्या ॲक्सलच्या दोन मीटर मागे लटकत असेल, तर मागच्या ॲक्सलवर ६० नव्हे, सुमारे ९४ किलो वाढतात आणि पुढची चाकं ३४ किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं ते त्यामुळे. त्यात पुण्याचे स्पीडब्रेकर! प्रत्येक दणक्याला रॅक फायबरच्या भिंतीला बाहेर खेचतो, आणि पातळ भिंत हळूहळू फुगून चिरते. मागच्या शिडीला सायकली बांधणं तर सरळ टाळा. ती शिडी एका माणसाने थांबलेल्या गाडीवर चढण्यासाठी असते आणि बहुतेकदा बारक्या स्क्रूंवर उभी असते.

म्हणून सायकल रॅक चॅसिसलाच, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यालाच, धरायला हवा. चॅसिसच्या दोन्ही रेल्सना बोल्टने घट्ट बसवलेला चौकोनी रिसीव्हर, म्हणजे पोकळ नळी, आणि त्यात सरकवलेला, काढता येणारा रॅक. फायबरला त्याचा स्पर्शही नको. हे काम मात्र भोसरीच्या फॅब्रिकेटरचंच.

आणि ॲक्सलला किती झेपतं तेही पाहायला हवं. अमेरिकेत टोयोटाच्या छोट्या पिकअपच्या चॅसिसवर बांधलेल्या जुन्या मोटरहोममध्ये पाच नटांचा मागचा ॲक्सल वजनाने मोडायला लागला होता. शेवटी रिकॉल काढून अनेक गाड्यांना सहा नटांचे दणकट ॲक्सल बसवावे लागले. त्या गाड्या मुळातच भारावलेल्या होत्या, त्यात मागे टांगलेलं प्रत्येक किलो जादा भरतं.

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी उत्पादकाचा मूळ तपशील जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. तेव्हा बॉडीत कापाकापी करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. सायकलींमागे नंबरप्लेट किंवा टेललाइट झाकला जाणार नाही एवढं पाहा. कॅरिअरसकट गाडीची नवी उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवा, रेल्वेच्या भुयारी मार्गाचा आडवा दांडा आधी हॉर्न देत नाही.

सगळं बसल्यावर पाण्याची टाकी भरून, सायकली चढवून, घरच्यांना आत बसवून गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. दोन्ही आकडे ॲक्सलच्या प्लेटवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. मागचा आकडा जास्त भरला तर एक सायकल घरी ठेवा.