नागपुरातल्या स्वविकासाच्या धड्यांची मुळं

व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग आज नागपुरात ठिकठिकाणी भरतात. सभाधीटपणा, नीटनेटकेपणा, समोरच्यावर छाप पाडणं असं बरंच तिथे शिकवतात. हेच धडे या शहराच्या दलित वस्त्यांमध्ये फार आधी गिरवले गेले आहेत, पण तेव्हा कुणी एकट्यापुरतं यश मागत नव्हतं.

१८७७ मध्ये नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली. गावकीच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेल्या अनेक दलित कुटुंबांना गिरणीमुळे रोख मजुरी मिळू लागली. पोराला शाळेत घालण्याचा विचार करायला त्यातून थोडी उसंत मिळाली.

मला या इतिहासात सर्वांत मोठं नाव वाटतं ते जाईबाई चौधरींचं. त्या कामठीला हमाली करत. एका मिशनरी बाईंनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं आणि शिक्षिकेची नोकरी दिली. ‘अस्पृश्य’ बाई शिकवते म्हणून विरोध झाला नि नोकरी गेली. मग त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. १९३७ च्या अखेरीस नागपुरातल्याच अखिल भारतीय महिला परिषदेत त्यांना जेवणाच्या वेळी वेगळं बसवलं गेलं. शिकून, शाळा चालवूनही हा अपमान वाट्याला आला, तेव्हा दलित स्त्रियांनी जाहीर सभा घेऊन निषेध केला. आपल्या एका बाईचा मान हा सगळ्यांचा प्रश्न आहे, असं त्या उभं राहून बोलल्या. सभाधीटपणा म्हणतात तो हाच.

पुढे जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलितांची मोठी परिषद झाली. त्यातल्या महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. बायका हजारोंनी आल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना रोजच्या जगण्याचं सांगितलं: स्वच्छ राहा, व्यसनांपासून दूर राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा रुजवा, त्यांचा न्यूनगंड घालवा. मुलींच्या लग्नाची घाई करू नका. लग्न झालेल्या मुलीनं नवऱ्यापुढे मैत्रिणीसारखं, बरोबरीनं उभं राहावं. समाजाची प्रगती आपण त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असंही ते म्हणाले. स्वविकासाचा इतका नेमका, घरात लगेच लागू पडणारा पाठ मला दुसरा माहीत नाही.

त्याच काळात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरीवरच्या भजनांतून विदर्भाच्या गावोगावी श्रम, स्वच्छता नि व्यसनमुक्ती सांगत होते. नागपूर विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही आणि सर्व माणसं समान मानीन, हे त्या दिवशी लोकांनी एका आवाजात म्हटलं. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांची शेकडो दुकानं लागतात, आणि लांबलांबून आलेली माणसं घरी परतताना पुस्तकं विकत घेऊन जातात.